बिबा मधात टाकला म्हणून शांत होत नाही

जानेवारीत घडलेली गोष्ट आहे, तेव्हाच लिहिणार होतो पण राग फार होता म्हणून थांबलो. आता परवा परत दोन पोरांचे फोन आले, काका जंगलातलं अमुक फळ मिडात (म्हणजे मधाच्या वाईनमध्ये) टाकलं तर चालेल का, म्हणून लिहायला बसलो.

आमचं शेत चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. मधमाश्यांच्या पेट्या आहेत, शिवाय डोंगरातून येणारा आग्या मोहोळाचा मधही आमच्याकडे असतो. हल्ली पुण्यात शिकणारी पोरं सुट्टीत आली की मध मागतात, खायला नाही, मीड करायला. एक किलो मध, तीन लिटरच्या आसपास पाणी आणि यीस्ट, नीट आंबली तर साधारण १२ टक्क्यांपर्यंत जाते. लायसन्स नसताना हे घरी करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही हे मी प्रत्येकाला आधी सांगतो, नाशिक-पुण्याकडे ज्यांनी रीतसर मीडरी काढल्यात त्यांच्याकडे जाऊन शिका म्हणतो. पण पोरं ऐकतात थोडीच.

आणि खरं सांगू, मला या गोष्टीचं वावडं नाही. मीड आणि मध हे शब्दसुद्धा एकाच मुळातले आहेत. आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या मध नाहीतर गूळ घेऊन त्यात धायटीची फुलं टाकून आसवं-अरिष्टं आंबवत आलेत, आणि ती धायटी आपल्याच सातपुड्यात उन्हाळ्याच्या तोंडाला लाल होऊन उभी असते. करवंद, बोर, जांभूळ, टेंबरं, काय नाही आपल्याकडे! हे सगळं पाटीतून मातीमोल भावाने विकलं जातं याचं मला खूप वाईट वाटतं.

तर मित्राचा पोरगा, इंजिनिअरिंगला आहे, थंडीत माझ्याकडून तीन किलो मध घेऊन गेला. आधी बोराची केली. थंडीतच केली हे शहाणपण, कारण आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत यीस्ट बिथरतं आणि वास घाण येतो. बोराची चांगली झाली, मग याला काहीतरी वेगळं पाहिजे. डोंगरातून बिबे आणले. ज्यांनी झाडावरचा बिबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर नारिंगी मऊ बोंड असतं आणि त्याला खाली काळं बी चिकटलेलं, काजूसारखंच, दोघांचं कूळ एकच. बोंड खातात, आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. पण त्या काळ्या टरफलात जे तेल असतं त्याच्यामुळेच परटाच्या कपड्यावरची बिब्याची खूण धुऊन जात नाही, आणि तेच तेल कातडीवर उततं.

याने बोंड आणि बी वेगळं केलंच नाही. अख्खे बिबे मिक्सरला लावले, मधाच्या पाण्यात ओतले, आणि हाताने ढवळले. दुसऱ्या दिवशी बोटांवर काळे डाग, तिसऱ्या दिवशी पाणी भरलेले फोड, डोळे सुजून बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या माऊलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, जिने सकाळी ते मिक्सरचं भांडं घासलं, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत उतले. मी बघायला गेलो तर ती पदराचं टोक दाताने धरून बसलेली, हाताला काही लागलेलं सहन होत नव्हतं. माझी आई बरोबर होती, ती एवढंच म्हणाली, "बिबा उतना का पंधरा दिन सोडस नही." डॉक्टरांच्या गोळ्या-इंजेक्शन चालू होतं तरी जवळजवळ तेवढेच दिवस गेले.

नशीब की ते पिण्याची वेळ आली नव्हती. आणि पोरगा मला काय सांगत होता, "काका, आंबल्यावर सगळं न्यूट्रल होतं, व्हिडिओत बघितलंय." अरे बाबा, यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि गॅस सोडतं, बस. ते विष खात नाही. अल्कोहोलने जंतू मरतात, बिब्याचं तेल मरत नाही, उलट अल्कोहोल झाडपाल्यातला अर्क ओढून घेतं, आसव-अरिष्टाचा सगळा कारभारच त्याच्यावर चालतो. वैद्य बिबा वापरतात तो आधी विटकरीच्या पुडीत घोळून, घासून, तेल काढून शुद्ध करतात, त्याला उगाच एवढा खटाटोप लागत नाही.

बिबा तरी लगेच चटका देऊन सांगतो. कुंपणाच्या मोगली एरंडाचं बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेतली पोरं ते खाऊन उलट्या होत दवाखान्यात जातात. घाणेरीची हिरवी फळं विषारी. गुंजेचं बी फुटलं की जिवाशी खेळ. सीताफळ तर आपण रोज खातो, पण त्याच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची पाळी येते, आणि गर काढायचा कंटाळा म्हणून बियांसकट मिक्सरला लावणारे मी पाहिलेत! मिक्सर हाच खरा घातकी आहे यात, जे बी आपण थुंकून टाकतो ते तो बारीक करून देतो.

'जंगलातलं आहे म्हणजे नॅचरल आहे' हे वाक्य ऐकलं की मला ती मिटलेल्या डोळ्यांची सूज दिसते. ज्यांचं आयुष्य त्या डोंगरात गेलं त्यांना विचारा ना. कुठला भाग खायचा, कच्चं की पिकलं, भाजून की सुकवून, त्यांना सगळं माहीत असतं. आमच्याकडे कामाला येणारी एक पावरा आदिवासी आजी आहे, ती बिब्याचं बी बोंडापासून सोडवते ते राख लावलेल्या हाताने, आणि त्या दिवशी घरातल्या लहान पोराला जवळ येऊ देत नाही.

तोच पोरगा जूनमध्ये परत मधाला आला. मी म्हटलं मध नंतर, आधी आजीजवळ बस. तो खरंच बसला, तासभर. फोनमध्ये लिहून घेत होता, ती नावं सांगत होती, काही फळांवर नुसताच हात हलवत होती, नको म्हणून. मग त्याने पाटीभर जांभळं घेतली आणि आमच्या ओट्यावर बसून एकेक बी हाताने काढत राहिला, अंधार पडेपर्यंत. बोटं जांभळी झालेली, आणि त्या जांभळ्या रंगाखाली बिब्याचे जुने डाग अजून दिसत होते.