रूट कॅनल झालं, मग कॅप कशाला?

सध्या एक मेसेज फिरतोय: रूट कॅनल झालं की काम संपलं, कॅप (दातावर बसवतात ते टोपण) ही डॉक्टरांची कमाई. कॅपसाठी धडधाकट दात घासून त्याचं वाटोळं करतात. आणि बसवायचीच असेल तर झिरकोनियाची (पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) बसवा, जन्मभर कीड लागत नाही. (आधी निरुपयोगी, शेवटी अमर! एकाच मेसेजात हे कसं जमवलं कोण जाणे.)

रूट कॅनलने ठणका जातो, कारण आतली खराब नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरतात. त्याने दाढ मजबूत होत नाही. किडीने भिंती आधीच खाल्लेल्या, त्यात नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडलेलं. चावताना उरलेले उंचवटे बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एक दिवस काहीतरी कडक दाढेखाली येऊन कट्‌कन आवाज होतो. चीर वरच्यावर असेल तर दाढ वाचते. मुळापर्यंत खोल उतरली, तर बहुतेक वेळा काढावीच लागते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तशी कॅप हे उंचवटे आवळून धरते.

समोरच्या दातांचं गणित वेगळं. मागून छोटंसं भोक आणि बाकी दात शाबूत असेल, तर बऱ्याचदा नुसतं फिलिंग पुरतं. तिथेही कॅप सांगितली तर कारण जरूर विचारा.

दात घासतात हे खरंच. कॅप कशाची आहे त्यानुसार साधारण १ ते २ मिलिमीटर. पण ज्याला धडधाकट म्हणताय, त्या दाढेचा निम्मा भाग अनेकदा फिलिंगच असतो. भिंती बऱ्या असतील तर फक्त वरचा भाग झाकणारा ऑनले बसतो, त्यात कमी घासावं लागतं. केवळ हसू देखणं करायला निरोगी दात घासणार असतील, तर मात्र मेसेजवाल्याशी मी सहमत आहे.

राहिली झिरकोनियाची गोष्ट. कीड झिरकोनियाला लागत नाही, खालच्या दाताला लागते. हिरडीलगत कॅपची कड संपते, तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो आणि कीड आत शिरते. नस काढलेली असल्यामुळे दात ठणकत नाही; कळतं ते तपासणीत, नाहीतर कॅप खालच्या खुंटासकट हातात येते तेव्हा. अनेक कॅप १०-१५ वर्षं टिकतात, काही त्याहून जास्त. पण त्या कडेपाशी ब्रश आणि दोन दातांच्या फटीत फ्लॉस (दात साफ करायचा बारीक दोरा) रोज फिरवावाच लागतो, कॅप कितीही महागाची असो.