पहिल्या वेळी तीन, दुसऱ्या वेळी नऊ

आज दुपारच्या सुट्टीत फोनवर ईमेल उघडला आणि पोटात खड्डा पडला. आमच्या भागाच्या आरोग्य मंडळाचं पत्र होतं. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने मिळणाऱ्या आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या, सायकली दोनवरून एकावर आणायचा प्रस्ताव आहे आणि त्यावर लोकांची मतं हवी आहेत. सायकल म्हणजे इंजेक्शनं, बीजं बाहेर काढणं, लॅबमध्ये गर्भ तयार करणं आणि तो गर्भाशयात सोडणं, अशी एक फेरी. सोबत एक फॉर्म. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, असहमत. गोल भरायचे, झालं.

तेव्हापासून कशातच लक्ष नाही. घरी आल्या आल्या लिहायला बसले आहे, इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझ्याबाबतीत काय घडलं ते तुमच्यापैकी मोजक्या जणांना माहीत आहे. आज सगळ्यांनाच सांगते. पहिल्या सायकलला मला तीन बीजं मिळाली. त्याआधी बारा दिवस रोज संध्याकाळी सात वाजता पोटात इंजेक्शन. पावडरच्या बाटलीत पाणी सोडायचं, ते विरघळलं की सिरिंजमध्ये ओढायचं, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे, पोटाची चिमूट धरायची. नवरा शेजारी उभा, नजर घड्याळावर. वापरलेली सुई पिवळ्या डब्यात. एवढं करून तीन. त्यातल्या एकाचा गर्भ तयार झाला. लॅबमधून फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. तो वाढायचा थांबला होता. आत सोडायला काही उरलंच नव्हतं.

नवा नियम तेव्हा असता तर माझं सगळं तिथेच, त्या बसमध्ये संपलं असतं.

पण पुढच्या भेटीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचं शरीर औषधाला कसा प्रतिसाद देतं ते आत्ता कुठे आम्हाला कळलंय. या वेळी डोस वाढवू, औषधांचा क्रमही बदलू." आणि दुसऱ्या वेळी नऊ बीजं आली. नऊ! बाई तीच, शरीर तेच, वय उलट वर्षाने वाढलेलं.

रक्तदाबाची पहिली गोळी लागू पडली नाही तर डॉक्टर गोळी बदलून देतात. तुमचा वाटा संपला, आता घरी जा, असं कोणी म्हणत नाही. मग आम्हालाच का? पहिल्या सायकलचा डोस वय आणि तपासण्या बघून अंदाजानेच ठरवावा लागतो, हे त्या क्षेत्रातला कोणीही सांगेल. ज्यांचं पहिल्याच वेळी जमतं त्यांचं मनापासून भलं होवो. पण ज्यांचं जमत नाही त्यांना अंदाज चुकला त्याच जागी सोडून द्यायचं, याला मी बचत म्हणणार नाही.

आणि या एका-दोनाचा हिशेब तरी कुठून आला? नाइसने, म्हणजे या देशात कुठले उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या संस्थेने, २०१३ मध्येच लिहून ठेवलंय की चाळिशीच्या आतल्या पात्र स्त्रीला तीन पूर्ण सायकली द्याव्यात. पूर्ण म्हणजे गोठवून ठेवलेले सगळे गर्भ वापरून होईपर्यंत. पण ती पडली शिफारस. इंग्लंडमध्ये पैसा स्थानिक मंडळाच्या हातात, त्यामुळे तुमचा पोस्टकोड काय, यावर सगळं ठरतं. सीमा ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेलात तर पात्र जोडप्यांना तीन मिळतात. इंग्लंडमधली कित्येक मंडळं तर जोडीदाराला आधीच्या नात्यातून मूल असलं तरी दार लावून घेतात. त्या बाईचा काय दोष?

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ ला जन्मली ती याच एनएचएसच्या, ओल्डहॅमच्या इस्पितळात. आपल्याकडे डॉ. इंदिरा हिंदुजांनी ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत जे करून दाखवलं ते केईएममध्ये, महापालिकेच्या इस्पितळात. सरकारी वॉर्डात जन्माला आलेली ही विद्या आता ज्याच्या खिशात पैसा त्याचीच होणार असेल तर मला ते सहन होत नाही.

पैसा कमी आहे, मान्य. कॅन्सरच्या पेशंटला माझ्या आधी घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्याची रांग माझ्यामुळे लांबलेली नाही.

"दत्तक का नाही घेत?" हे मला नका विचारू. घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मूल सहज झालेल्या किती जणांना तुम्ही हा प्रश्न विचारलात?

जरा चढ्या आवाजात लिहिलं गेलं. राहू दे तसंच.

त्या नऊ बीजांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन चांगले गर्भ तयार झाले. एक आत सोडला, एक गोठवला. पंधरा दिवसांनी नर्सचा फोन आला, तेव्हा आम्ही दोघं जिन्यात बसून रडलो, आनंदाने. नवव्या आठवड्यात स्कॅनच्या पडद्यावर ठोका दिसला नाही. नंतर गोठवलेला दुसरा गर्भही रुजला नाही. तिसरी सायकल आमच्या भागात नव्हती आणि स्वखर्चाने करण्याची आमची ऐपत नव्हती. आम्हाला मूल नाही. वरची ही छोटी ओळ लिहायला मला खूप वेळ लागला.

उपचार वाया गेले असं काहींना वाटेल. मला वाटत नाही. मी सहा आठवडे आई व्हायची तयारी करत होते, आणि डोस बदलला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न घेऊन मला रात्री जागावं लागत नाही. तो प्रश्न काय करतो ते मला माहीत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सायकलच्या मधले पाच महिने मी त्याच्यासोबतच काढलेत.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट आहे: या बदलाचा तुमच्यावर काय परिणाम होईल? माझ्यावर काहीच नाही, माझं वय उलटून गेलंय. तरी लिहिलं. पहिल्या वेळी तीन, दुसऱ्या वेळी नऊ, असं लिहिलं आणि खाली त्या बसमधल्या फोनबद्दल लिहिलं. आमच्या भागात राहणाऱ्यांनी लिंक हवी असेल तर मला मेसेज करा. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. नुसते गोल भरून सोडू नका, ती चौकटही भरा.