शिबिराला गेलेल्या मुलाला पत्र कसं लिहावं?

मुलाला निवासी शिबिराला पाठवलंत? अभिनंदन. आता तिथे फोन चालत नाही, व्हिडिओ कॉल नाही, आणि कधीमधी विचारलंच तर ताई-दादा लोक "मजेत आहे, काळजी करू नका" एवढंच सांगून मोकळे होतात. मजेत आहे! पोरगं तुमच्याशिवाय मजेत राहतं हे तुम्ही सोसायटीत कुठल्या तोंडानं सांगणार? यावर वेळीच इलाज व्हायला हवा, आणि तो स्वस्तातला आहे. पत्र लिहा. दर मे महिन्यात मी अशा शिबिरात ताई म्हणून राबते आणि पत्रं वाटायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे कुठलं पत्र पोराला किती मिनिटांत रडवतं याचा माझा अभ्यास दांडगा आहे.

पहिली गोष्ट, पोस्टकार्डाच्या वाटेला जाऊ नका. 50 पैशांत येतं, म्हणजे शोभा नाहीच. त्यात ते उघडं. पोस्टमन वाचणार, शिबिरातला आचारी वाचणार, म्हणून माणूस नकळत शहाण्यासारखं लिहून जातो. जागा तरी केवढी? "आम्ही ठीक. मांजरीला पिल्लं झाली. पांढरं तुझं." संपलं कार्ड. पोरगं ती बातमी अख्ख्या तंबूला सांगत सुटतं आणि ताट घेऊन जेवायला पळतं. असल्या पत्रानं काय साधणार?

पत्त्यात पिनकोड घालू नका. 1972 पासून आहे म्हणून वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे? "भंडारदरा धरणाच्या पुढे, मोठ्या आंब्याजवळ, कुणीही सांगेल" एवढं पुरे. म्हणजे मूल घरी परतल्यावर स्वतःच दार उघडून स्वतःचं पत्र घेईल.

"आज आमरस केला होता, तुझी वाटी तशीच ठेवली आहे." ही ओळ हवीच.

पोरगं इंग्रजी माध्यमातलं असेल तर चार पानं मराठीत लिहा, आणि तीही डॉक्टरी अक्षरात. ते बिचारं कागद घेऊन माझ्याकडे येतं, "ताई, वाचून दाखव ना." मी वाचते. आजूबाजूला आणखी पाच-सहा जण कान देऊन बसलेले. "तुझ्या बाबांनी परत आत्याला पैसे दिले, मला न विचारता..." इथे मला खोकला येतो, आणि मी थेट "तुझीच आई"वर उतरते.

अभ्यासाची आठवण करून द्या. "शिष्यवृत्तीचे सराव संच आणून ठेवलेत, आल्या आल्या बसायचंय."

फोन पाठवायचाच असेल तर चिवड्याच्या डब्यात, तळाशी. पत्रात खूण लिहा: "चिवडा खालून खा." आम्हाला काही कळत नाही.

आणि हो, थोरामोठ्यांच्या पत्रांचा आदर्श बिदर्श ठेवू नका. 1928 च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू खाली मैदानी मुलुखात. त्या गृहस्थांनी लेकीला लिहिलं काय, तर पृथ्वी कशी झाली आणि नदीतला गोटा गुळगुळीत कसा होतो! साने गुरुजी पुतणीला, सुधाला लिहायचे, त्यातही फुलं आणि पाखरं. पोरींनी पत्र खाली ठेवून बाहेर बघावं म्हणून लिहिलेली पत्रं ही. आपल्याला ते नकोय. आपल्या पोरानं डोंगरात बसून आपल्या हॉलमधला सोफा बघायला हवा.

आता मुख्य मंत्र. हल्ली पत्र पोस्टानं वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून शिबिरवाले बस सुटतानाच पाकिटं मागून घेतात, वर 'दिवस पहिला', 'दिवस तिसरा' असं लिहून. इथे तुमच्या प्रतिभेला खरा वाव आहे. मूल अजून घरातच पाणी पितंय आणि तुम्ही त्याच्या विरहाबद्दल लिहायचं! यंदा एका माउलीनं हे करून दाखवलं. पोरगा सहावीतला. पहिल्या रात्री रडला. पहिल्या रात्री बहुतेक सगळीच रडतात, आम्ही उशाशी बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला तंबूचा दोर ताणायला जमला, एक दोस्त मिळाला. त्या रात्री काजवे बघायला गेलो. सादड्याचं अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. हा जमिनीवर उताणा पडून बघत होता आणि मला म्हणाला, "ताई, यांना 'आता' असं कोण सांगतं?"

तिसऱ्या संध्याकाळी मी त्याच्या हातात पाकीट दिलं. "सोन्या, तू गेल्यापासून घर खायला उठतं. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. तुझ्या गादीवर हात फिरवत बसते."

रात्री दोन वाजता माझ्या तंबूच्या तोंडाशी हा उभा. "ताई, आजी मरणार का?"

अहो बाई, हे पत्र तुम्ही बस सुटायच्या आधी लिहिलंत! तो गेलाच नव्हता, तर त्याच्या आठवणीनं उपाशी राहिलं कोण? तुमच्या सासूबाई बसच्या दारात वडापाव खात होत्या. "चटणी जास्त घाल रे" म्हणाल्या, आणि दुसरा मागवला. मी उभी होते तिथे. पण हे त्या पोराला रात्री दोनला काय सांगायचं? तुझी आई खोटं लिहिते म्हणून? सांगितलं नाही. आजी बरी आहे म्हटलं, त्याला ते पटलं नाही, कारण आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

सकाळी रतनगड होता. बाकीची पोरं वर नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात बसून, वारा खाऊन, घसा बसेपर्यंत ओरडून आली. हा माझ्याबरोबर खाली रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळाशी, बूट हातात घेऊन. पायात घालायलाच तयार नव्हता. घरी कधी सोडणार, एवढंच विचारत होता.

तुम्हाला करमत नाही ना? मग नवऱ्याला सांगा, बहिणीला फोन करा, उशीत तोंड घालून रडा. अकरा वर्षांच्या पोराच्या पाकिटात ते कशाला भरता? त्याला काय करता येणार आहे तिथून? आणि बाबा लोकांनो, तुम्ही गालात हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी कोरी पाकिटं दिलीत, आत 500 ची नोट. पोरगं पाकीट उलटं करून झटकतं, आत अजून काही आहे का बघतं. त्या वेळी समोर मी बसलेली असते, तुम्ही नाही.

तर पुढच्या मे महिन्यात पाकिटं चिकटवून आणायची नाहीत. उघडी द्यायची. बसच्या दारात उभी राहून मी सगळी वाचणार आहे, आणि ज्या पत्रात कुणीही उपाशी असेल ते तिथल्या तिथे परत. दुसरं लिहायला पेन मी देईन. काय लिहायचं सुचत नसेल तर नळाला पाणी किती वाजता आलं ते लिहा.