इशारा खोटा ठरू द्या

२०२५ मध्ये २८ मे रोजी स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन गाव दरडीखाली गेलं, आणि त्याच रात्री त्याचा व्हिडिओ आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. पाठवला नाशिकहून चुलतभावाने. मी इथे फिस्प गावी राहते, ब्लाटेनपासून तासाभराच्या अंतरावर. व्हिडिओखाली त्याने लिहिलं होतं, ‘तिथे कुठे कोणी जेसीबी लावला होता? तरी डोंगर पडलाच ना? मग ब्रह्मगिरीवरून आपण एवढा आरडाओरडा का करतो?’ बऱ्याच जणांनी त्याला होकार भरला. मी तेव्हा काहीच लिहिलं नाही, कारण ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर त्या खोऱ्यात आहे आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसून होतो. पण त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रं लावून डोंगर सपाट केला जातोय म्हणून काही वर्षांपूर्वी नाशिककर रस्त्यावर उतरले होते. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, तपोवनातल्या झाडांवरून वाद झाला आणि डोंगरांचा विषय पुन्हा निघाला. एका बाजूला ‘विकास अडवू नका’, दुसऱ्या बाजूला ‘गोदामाईचं उगमस्थान वाचवा’. मी मनाने दुसऱ्या बाजूची आहे. पण या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात मला एक गोष्ट कधी ऐकू येत नाही, आणि ती मी ब्लाटेनमुळे शिकले.

आधी चुलतभावाला उत्तर. आल्प्सचा डोंगर आणि आपला डोंगर एका कारणाने पडत नाहीत. ब्लाटेनच्या वर क्लाइनेस नेस्टहॉर्न नावाचं शिखर आहे. त्याचे कडे कित्येक दिवस ढासळत होते आणि ते दगड खालच्या बिर्च हिमनदीवर साचत होते. त्या ओझ्याने हिमनदी पुढे सरकत गेली आणि शेवटी सगळीच खाली आली. बर्फ आणि दगड मिळून सुमारे ९० लाख घनमीटर. भूकंपमापकांवर त्याची नोंद ३.१ तीव्रतेच्या धक्क्याइतकी झाली. गावाचा जवळजवळ ९० टक्के भाग गाडला गेला, आणि लोन्झा नदी अडून जी घरं उरली होती त्यांतही पाणी शिरलं.

ब्रह्मगिरी म्हणजे एकावर एक बसलेले लाव्हाचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. विहीर खणणाऱ्यांना ते पुस्तकाशिवाय पाठ असतात: काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू. तिसऱ्या श्रावणी सोमवारी मी आत्याबरोबर फेरीला जायचे. अनवाणी, पावसात, पुढच्या बाईच्या पदराकडे बघत. एका वळणावर काळ्या कड्याच्या पोटात हातभर जाडीचा लाल पट्टा होता. बोट फिरवलं की कुंकवासारखा रंग लागायचा आणि तो लवकर निघायचा नाही. पट्ट्याखालून बारीक धार गळायची, आत्या ओंजळ धरून तिथलं पाणी प्यायची. फार नंतर कळलं, की एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती तयार झाली, तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती भाजून काढली. ती माती चिकण. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पाणी तिच्यापाशी अडतं आणि कड्यातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. म्हणजे तो लाल थर आहे म्हणून आत्याची ओंजळ भरायची. आणि तोच मऊ थर झिजला, की वरचा कडा अधांतरी राहतो. खालच्या उतारावर मुरूम-मातीचा जो ढीग शतकानुशतकं साचलाय, तो पावसाच्या पाण्याने जड होतो, आतून ढिला पडतो. अशा ढिगाचा पायथा कापणं म्हणजे त्याचा टेकू काढून घेणं. आल्प्समध्ये जेसीबीवाचून डोंगर पडला, याचा अर्थ ब्रह्मगिरीला जेसीबीने काही होत नाही असा होत नाही.

एवढं मी त्याला फोनवर सांगितलं. पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे.

ब्लाटेनमधले सुमारे ३०० लोक १९ मेला गाव सोडून गेले होते. दरड आली २८ तारखेला. नऊ दिवस गाव रिकामं होतं, गाईगुरंसुद्धा हलवलेली. चालता न येणारी एक गाय हेलिकॉप्टरला टांगून नेली, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. एक माणूस गेला, ६४ वर्षांचा, त्याचं दुःख खोऱ्यात आजही आहे. पण ३०० माणसं आहेत. आता माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन नेहमीच्या रस्त्याने गेला आणि गाव जागेवर नाही हे त्याने पाहिलं. १५१ माणसं गेली. माळीण गाडलं गेल्याची बातमी जगाला एसटीच्या ड्रायव्हरकडून कळली, हे मला अजूनही पेलत नाही. नंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळवाडीत तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधानसभेत सांगितलं.

भूकंपाआधी असं गाव रिकामं करता येत नाही, हे आधी मान्य करते. किल्लारीत १९९२ मध्ये छोटे धक्के बसत होते, लोक घाबरून विचारत होते, पण त्यातून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोणालाही वाचता आली नसती. पालघरमध्ये डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका लागली. आपल्या पेठ-सुरगाण्यालाही अधूनमधून जमीन हादरते आणि नाशिकच्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेच्या यंत्रावर किती नोंद झाली ते सकाळी पेपरात येतं. पण पुढचा धक्का कधी, हे जगात कोणालाच सांगता येत नाही.

दरडीचं वेगळं आहे. ती बहुतेकदा आधी हलते. उताराला भेग पडते, झाडं तिरकी होतात, घराचं दार चौकटीत अडकायला लागतं, नसलेल्या जागी झरा फुटतो, असलेल्या झऱ्याचं पाणी गढूळ येतं. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली: उतार सरकण्याचा वेग रोज मोजायचा आणि त्याचा व्यस्तांक, म्हणजे एक भागिले वेग, आलेखावर मांडायचा. रेघ शून्याकडे उतरू लागली की ती जिथे टेकेल तो कोसळण्याचा सुमार. आज रडार आणि उपग्रह वापरून तेच करतात. आपल्याकडच्या पावसाळी दरडींना कधीकधी इतकी सवड नसते, तिथे पावसाचा आकडाच धरावा लागतो. त्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू केलं, ही फार चांगली गोष्ट झाली.

पण अंदाज आला तरी ‘घरं सोडा’ हे कोण म्हणणार? आणि म्हटल्यावर डोंगर पडलाच नाही, तर त्या माणसाचं काय होणार?

इथे स्वित्झर्लंडमध्ये ब्रीएन्त्स नावाचं गाव आहे. मे २०२३ मध्ये रिकामं केलं. एक महिना काही नाही. १५ जूनच्या रात्री दरड आली आणि गावाच्या अगदी तोंडाशी थांबली, घरं वाचली. लोक परतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढलं. नॉर्वेत वेसलेमानेन नावाचा एक सुळका आहे, म्हणजे होता. त्याच्या खालच्या लोकांनी पाच वर्षांत १६ वेळा घर सोडलं, आणि तो पडला ५ सप्टेंबर २०१९ ला. लोक चिडतातही, कंटाळतात. पण वाया गेलेल्या फेऱ्यांबद्दल अधिकाऱ्याचा पंचनामा करत नाहीत. इथे स्वित्झर्लंडमध्ये दर फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभर धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते. पहिल्या वर्षी मी घाबरून ताटावरून उठले होते. शेजारच्या बाईंनी हात धरून बसवलं आणि कोणत्या आवाजाचा काय अर्थ ते समजावून सांगितलं. त्यांना ते शाळेपासून माहीत होतं.

आपल्याकडे एखाद्या तहसीलदाराने आषाढात चार पाडे खाली केले आणि आठ दिवसांत ऊन पडलं, तर काय बोललं जाईल हे तुम्हालाही माहीत आहे. उगाच घाबरवलं, लोकांचे हाल केले, खर्च कोणाच्या बापाचा. म्हणून तोही वाट बघतो. दरड पडल्यावर आपण महिनाभर दोषी शोधतो. मला वाटतं, नाशिकच्या चर्चेत ब्रह्मगिरी कोण कापतंय हा प्रश्न हवाच, पण त्याच्या शेजारी हाही हवा: डोंगराखालच्या माणसांना वेळेआधी बाहेर काढणाऱ्याच्या पाठीशी आपण उभे राहणार का, तो पाच वेळा चुकला तरी?

दादा, म्हणजे तोच चुलतभाऊ, रस्त्याची कामं घेतो. तो म्हणाला, “अगं, तिकडे पैसा आहे. इथे पाड्यातल्या बाईची भात लावणी चालू असते. तिला सांगशील, चल, शाळेत राहा? शेळ्या कुठे बांधेल? मजुरी कोण देईल?” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि तो बरोबर बोलत होता. इर्शाळवाडीचे लोक वर्षाहून जास्त काळ कंटेनरच्या घरांत राहिले. हे पाहिलेला माणूस स्वतःहून घर कसा सोडेल? म्हणून बुडालेल्या रोजाचे पैसे, शेळ्यांना छप्पर, दोन वेळचं जेवण आणि परत जायचा दिवस, हे सगळं इशाऱ्याचाच भाग धरावं लागेल. सिंहस्थात लाखो माणसांची राहण्याजेवण्याची सोय करणाऱ्या जिल्ह्याला तीस घरांची सोय जमणार नाही, हे मला पटत नाही.

आत्याच्या गावावर, कड्याखाली, एक पाडा आहे. मागच्या आठवड्यात दादा तिकडे गेला होता. त्याने फोटो पाठवले: एका घरामागे उताराला वीतभर रुंद भेग, तिच्यात पालापाचोळा साचलेला. घरातली बाई म्हणाली, दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्यात बोटही जात नव्हतं. दादाने भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर टेपने मोजून भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं, आणि दर अमावास्येला मोजायचं काम नववीतल्या तिच्या मुलीला दिलं. जूनपासून ती रोज मोजणार आहे. आकडा वाढला तर तिने फोन कोणाला करायचा, ते अजून ठरायचं आहे. ओढ्यापलीकडे आश्रमशाळा आहे, जागा उंच आणि सपाट. तिची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे मी दादाला विचारून यायला सांगितलंय.