मुलांच्या हक्कांसाठी ठाणे उपकेंद्रात कायमचे केंद्र हवे

मुंबई विद्यापीठाच्या बाळकुम येथील ठाणे उपकेंद्रात बालहक्क आणि बालकल्याण या विषयाला वाहिलेले एक कायमस्वरूपी केंद्र सुरू व्हावे, असे माझे ठाम मत आहे आणि ते जरा सविस्तर मांडायचे आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुलांसाठी कायदे कमी नाहीत, समित्या कमी नाहीत, तळमळीने काम करणारी माणसेही कमी नाहीत. उणीव आहे ती या सगळ्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणाऱ्या, पद्धतशीर नोंदी करणाऱ्या आणि त्या नोंदींच्या आधारे कोणाचीही भीड न बाळगता बोलणाऱ्या जागेची. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, स्वयंसेवी संस्थेचा निधी आटला की चालू प्रकल्प गुंडाळावा लागतो, नगरसेवकाचा प्रभाग पुढच्या निवडणुकीत आरक्षित होतो आणि त्याच्या काळात सुरू झालेले काम तिथेच थांबते. विद्यापीठ मात्र जागचे हलत नाही, आणि मुलांच्या प्रश्नांना नेमका हाच टिकाऊपणा हवा असतो.

विद्यापीठाच्या आवारातून असे काम उभे राहते का, असे विचारणाऱ्यांनी खाडी ओलांडून देवनारकडे पाहावे. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कुटुंब व बालकल्याण विभागाचा क्षेत्रप्रकल्प म्हणून सुरू झाली. रस्त्यावर आणि रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या मुलांशी प्राध्यापक आणि विद्यार्थी सतत बोलत राहिले, रात्री-अपरात्री या मुलांना कोणाला हाक मारता येत नाही हे त्यांनी पाहिले आणि त्यातून ही सेवा आकाराला आली. ‘दस-नौ-आठ’ असा उलट्या मोजणीचा आकडा अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही लक्षात राहतो. पुढे ती देशभर गेली आणि आता सरकारी यंत्रणेचा भाग झाली आहे. त्याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता आणि कालांतराने राज्य शासनाने तो स्वीकारला. आधी छोट्या प्रमाणावर करून पाहायचे, त्यातले दोष प्रामाणिकपणे लिहून काढायचे आणि मगच शासनापुढे ठेवायचे, हा क्रम शैक्षणिक संस्थेला जमतो, कारण तिला पुढच्या निवडणुकीपर्यंत निकाल दाखवायचा नसतो.

दुसरे उदाहरण बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या बालक व कायदा केंद्राचे आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. मुलाची साक्ष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी, शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, वकिलांनी मुलाला थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारावेत, साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये, असे पुष्कळ काही त्यात लिहिलेले आहे. या केंद्राच्या अभ्यासकांनी दिल्ली, आसाम, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातल्या विशेष न्यायालयांचे निकाल वाचले, न्यायालयांना भेटी दिल्या आणि यातले प्रत्यक्षात किती उतरते ते तपासले. कागद आणि वास्तव यांतली तफावत त्यांच्या अहवालांत तपशिलाने नोंदवलेली आहे. असे तपासणे हे पोलिसांचे काम नाही, न्यायालयाचेही नाही, आणि एखाद्या लहान संस्थेला ते पेलवणारे नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. दिवाळी झाली की मुरबाड, शहापूर आणि शेजारच्या पालघरमधली कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याण परिसरातल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मधले सहा-सात महिने त्यांची मुले भट्टीवर असतात. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते, आठ-नऊ वर्षांचा मुलगा ओल्या विटा वाळण्यासाठी उलटवत असतो, आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर दोघांचीही नावे तशीच राहतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची तरतूद आहे, म्हणजे ते कार्ड दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. ही योजना उत्तम आहे. परंतु किती मुलांना कार्ड मिळाले, त्यांतली किती मुले भट्टीजवळच्या शाळेत खरोखर बसली, शाळा आणि भट्टी यांच्यामध्ये महामार्ग आडवा येत होता का, परत आल्यावर ती कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या तयारीने बसली, हे सलग दहा हंगाम कोणी पाहिले, तरच योजना कुठे अडते ते कळेल. एका हंगामाच्या सर्वेक्षणातून फार तर एक बातमी होते.

शहरी भागातही वेगळे चित्र नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून काम केले आहे. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असावी असा शासनाचा आदेश आहे आणि आमच्याकडेही ती होती: हिरवा रंग दिलेली पत्र्याची पेटी, मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर लावलेली, किल्ली कार्यालयात. तपासणीच्या वेळी तिच्यासमोर बरोबरची खूण पडत असे. तिच्यात कधी काही निघाले नाही, आणि याचा अर्थ तक्रारच नाही असा सोयीस्करपणे घेतला गेला. सहावीच्या मुलींना एकदा सहज विचारले की ही पेटी कुठे असावी, तर क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, पाण्याच्या नळाजवळ, कारण तिथे उभे राहिले तर ‘इथे काय करतेस’ असे कोणी विचारत नाही. या एका उत्तरात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतला बारावा अनुच्छेद सामावलेला आहे. स्वतःशी संबंधित बाबींत मुलाला आपले मत मांडता यावे आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन दिले जावे, असे तो सांगतो. संहिता १९८९ ची, भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली, आणि इतक्या वर्षांनंतरही पेटी कुठे लावावी हे मुलांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

ऑगस्ट २०२४ मधली बदलापूरची घटना आपण कोणीही विसरलेलो नाही. शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या बालवाडीच्या वयाच्या दोन मुली, गुन्हा नोंदवायला झालेला उशीर, रेल्वे रोखून धरणारे संतप्त लोक, उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेली दखल. त्यानंतर परिपत्रके निघाली, कॅमेरे बसले, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत असलेल्या सखी सावित्री समित्यांच्या बैठका झाल्या. हे सर्व आवश्यकच होते. पण मुलावर अत्याचार झाल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे पोक्सोच्या कलम १९ नुसार प्रत्येकाला बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने ते टाळले तर त्याला कारावास होऊ शकतो, हे किती शिक्षकांना, मदतनीस ताईंना आणि शाळेच्या बसचालकांना कोणी समोर बसवून समजावले आहे? चार वर्षांची मुलगी शब्दांत सांगू शकत नाही, ती शाळेत जायला नकार देते किंवा झोपेत दचकते, हे ओळखण्याचे प्रशिक्षण दर वर्षी, नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला द्यावे लागते. एका कार्यशाळेचे छायाचित्र काढून ते संपत नाही.

चांगले काही घडतच नाही असे मी मुळीच म्हणत नाही. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने २०१६ मध्ये सुरू केलेली सिग्नल शाळा आपण सर्वांनी येता-जाता पाहिली आहे. सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांना शाळेपर्यंत आणण्याऐवजी शाळाच त्यांच्यापाशी नेणारी ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अशा प्रयोगाचा काटेकोर अभ्यास जवळच्या विद्यापीठाने केला, तर इतर शहरांना तो नुसत्या कौतुकाच्या नव्हे, तर अनुभवाच्या आधारे उभारता येईल.

खेळाचेही तसेच आहे. संहितेचा एकतिसावा अनुच्छेद विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क देतो, पण तासाच्या भाड्याने मिळणारे टर्फ तुर्भ्याच्या वस्तीतल्या मुलांना परवडत नाही. कोणत्या प्रभागात मुलांना फुकट खेळता येईल अशी जागा उरली आहे, एवढा नकाशा जरी केंद्राने दर वर्षी प्रसिद्ध केला तरी विकास आराखड्यावरच्या हरकतींना बळ येईल.

विद्यापीठाचे केंद्र म्हणजे चर्चासत्रे, प्रमाणपत्रे आणि पाहुण्यांचा सत्कार, असा आक्षेप मित्रमंडळी घेतात आणि त्यात तथ्य आहे. म्हणून काही अटी पहिल्याच दिवशी लिखित असाव्यात असे मला वाटते. संशोधनाचे निष्कर्ष आधी मराठीत, ज्या वस्तीतून माहिती घेतली त्या वस्तीत जाऊन सांगितले पाहिजेत. मुलांच्या दुःखाचा उपयोग प्रबंधाची पाने भरण्यासाठी होऊ नये, यासाठी नीतिविषयक समितीची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती असल्याशिवाय एकही मुलाखत घेतली जाऊ नये. महापालिकेकडून अनुदान घेतले तरी महापालिकेच्या शाळांविषयीचा प्रतिकूल अहवाल प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य करारात नोंदलेले असावे. आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ यांच्या कामात लुडबुड न करता त्यांना मनुष्यबळ आणि माहिती पुरवण्याची मर्यादा केंद्राने पाळावी.

यातली शेवटची गोष्ट आज सहज शक्य आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवावेच लागतात, आणि पुष्कळ महाविद्यालयांत ते कसेबसे उरकले जातात. विधी, मानसशास्त्र, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी नीट प्रशिक्षण घेऊन याच कामाला लागले, तर हात कमी पडणार नाहीत. हवेत ते पूर्णवेळ, कायम नेमणुकीचे चार-पाच अध्यापक, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून दहा वर्षांच्या निष्ठेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात आणि ठाणे-नवी मुंबईतले हजारो पदवीधर त्यांचे मतदार आहेत. आपल्यापैकी ज्यांची नोंदणी आहे त्यांनी आपापल्या प्रतिनिधीला लेखी विचारावे की हा प्रस्ताव अधिसभेत केव्हा मांडणार. मसुदा तयार करायला मी वेळ देईन, कायद्याचे जाणकार आणि शिक्षक सोबत आले तर तो अधिक भक्कम होईल. भट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण गणेशोत्सव संपताच सुरू करता येईल, अशा बेताने हा प्रस्ताव पुढे गेला पाहिजे.