अधिवेशन एकदा मे महिन्यात घ्या

तरुणांनी हवामान बदलावर नेत्यांना जाब विचारावा, हे एका लेखातलं म्हणणं पटलं. पण आमच्या नागपुरात अख्खं सरकार हिवाळी अधिवेशनाला येतं ते डिसेंबरात, गुलाबी थंडीत, हुरडा अन् संत्री खायला. मे मधला पंचेचाळीस अंशांचा पारा त्यांना पेपरातच दिसतो. शेजारच्या कोराडीतल्या कोळशावरच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच टाकायची जनसुनावणी मात्र २०२३ च्या मे अखेरीस, भर उन्हात! त्याच वर्षी २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडला अन् घराघरांत पाणी शिरलं. म्हणून पोरांनो, मोघम 'पृथ्वी वाचवा' नको. वीज केंद्राच्या राखेचं काय करणार, शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचं पात्र मोकळं कधी होणार, तारीख मागा. आणि निवेदनाची पोच घ्या बरं, नाहीतर कागद थेट रद्दीत.