नमुना सही

बँकेत ३४ वर्षं मी लोकांच्या सह्या जुळवल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची, मान हलवायची, पास. एवढ्या भांडवलावर लातुरात मी सह्यांचा जाणकार ठरलो. ‘आमच्या दाजींना नुसतं बगितलं तरी कळतंय,’ असं आमच्या मेव्हण्यानं गंजगोलाईत कुणाला तरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून दारात चपला वाढल्या.

जो तो खेळाडूंचे सहीवाले फोटो घेऊन येतो. सही खरी का खोटी, हे कुणालाच नको असतं. चप्पल काढता काढताच विचारतात, ‘किती येतील?’

यात बँकेचं शिक्षण उलटं पडतं. तिथं सही जुळली की खरी. इथं दोन फोटोंवरच्या सह्या रेघन् रेघ जुळल्या की दोन्हींवर संशय. शिक्का एकसारखा उठतो, सही करणारं यंत्र एकसारखी करतं. जित्या माणसाला ते जमत नाही. गेल्या वर्षी माझ्याच बँकेनं माझाच चेक परत केला. काउंटरवरची पोरगी म्हणाली, ‘काका, नमुन्याशी जुळत नाही.’ नमुना १९८६चा. तेव्हा हात थरथरत नव्हता आणि सहीखाली झोकदार रेघ ओढायची हौस होती. त्याच वर्षी लग्न झालं, तर यादीवर थोरामोठ्यांच्या खाली मीही तसलीच सही ठोकली होती.

तर मेव्हणा कपिल देवचा फोटो घेऊन आला. लॉर्ड्सची गॅलरी, विश्वचषक, २५ जून १९८३, खाली काळी सही. भिंगाखाली धरला तर सहीत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. खरी शाई कागदाच्या वर बसते. फोटो तिरका केला की वेगळी चमकते. ही फोटोसंगंच छापून आली होती.

‘म्हणजे कपिलचीच हाय ना?’

‘त्याचीच असेल. पण या कागदावर त्यानं केली नाही.’

‘मग निम्मे तर येतील की, दाजी!’

पुढच्या रविवारी त्यानं उदगीरचा एक दोस्त आणला. फोटो ध्यानचंद यांचा, १९३६च्या बर्लिनचा, जर्मनीला ८-१ हरवलं तेव्हाचा. सही म्हणे दोस्ताच्या आज्यानं तिथंच घेतलेली. आजा निलंग्याच्या पलीकडं गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण पाहुण्याला तोंडावर कसं विचारायचं? मी किराणावाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. त्याला अंधार लागतो, आणि मे महिन्यात भर दुपारी लातुरात अंधार आणायचा कुठून? शेवटी आम्ही तिघं वाकळीत शिरलो. घामाच्या धारा, मेव्हण्याचं कोपर माझ्या बरगडीत, दोस्ताच्या तोंडात गुटखा. बायको दारात आली, वाकळीतले सहा पाय मोजले आणि काही न बोलता परत गेली.

दिवा लावला अन् फोटो मांडवासारखा उजळला.

‘वा! चमकायलाय म्हणजे अस्सल!’ मेव्हणा ओरडला.

कागदाला अशी पांढरी चकाकी देणारी रसायनं फोटोच्या कागदात आली पन्नासच्या दशकात. १९३६चा कागद या दिव्याखाली मुका राहायला पाहिजे. हे मी वाकळीतच सांगितलं. त्या दिवशी चहासुद्धा न घेता पाहुणे उठले.

खरा म्हणावा असा फोटो एकच आला. एका निवृत्त गुरुजींनी गावसकरांची सही समोर उभं राहून घेतलेली, वर गुरुजींचं नाव घातलेलं. पण गुरुजींनी तो लॅमिनेट केला होता! टीसी, रेशनकार्ड, जातीचा दाखला, जे जपायचं ते आपल्याकडं प्लास्टिकात जातं. त्याखाली शाई तपासता येत नाही आणि सोलायला जावं तर शाई प्लास्टिकासंगं निघते. त्यात वरचं नाव. संग्राहकाला दुसऱ्याचं नाव नको असतं, किंमत उतरते. भीत भीत सांगितलं तर गुरुजी म्हणाले, ‘माझं नाव नसलं तर मी कशाला ठेवू?’ आणि फोटो पिशवीत घालून खुशीत गेले.

मेव्हण्याला मात्र दाखला पाहिजे होता. ‘तुम्ही नुसतं लिहून द्या.’ मी त्याला अमेरिकेतलं ‘ऑपरेशन बुलपेन’ सांगितलं. एफबीआयनं नव्वदच्या दशकात खोट्या सह्यांची टोळी पकडली, तिच्याकडं मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. आणि दाखले? तेही खोटेच.

मेव्हण्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. जरा जास्तच लक्ष देऊन.

परवा एक अनोळखी पोरगा आला. तोच कपिल, आता सोनेरी फ्रेममध्ये, मागं दाखला चिकटवलेला: ‘सदर सही अस्सल असे.’ खाली माझी सही. भिंग लावलं. ठिपके नाहीत, खरी शाई. हात कुठं थरथरलेला नाही, खाली झोकदार रेघ. काउंटरवरच्या पोरीनं डोळे झाकून पास केली असती.

‘काका, दाखला तर खरा हाय ना?’ पोरगा विचारत होता.

मी आत जाऊन बायकोला विचारलं, आपल्या लग्नाची यादी कुठं असते गं? म्हणाली, ‘माहेरी. भाऊच्या कपाटात.’